देवाची हजार नावे आणि एक लेथ

संस्कृतच्या शिक्षकाला निवृत्तीनंतर कोणी कामावर ठेवीत नाही, आणि हे योग्यच आहे. निवृत्तीपूर्वी तरी त्याला कोण कामाला लावतो? कोणी रजेवर गेले की त्याच्या वर्गातली पोरे शांत बसवावी, पाहुणे आले की मंगलाचरण म्हणावे, आणि एरवी शाळेच्या व्हरांड्यात आदरणीय दिसावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. ही अपेक्षा मी साऱ्या नोकरीभर निष्ठेने पुरी केली. त्यामुळे माझ्या भाच्याने हिंगोलीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड उभी करून तीत संगणकावर चालणारा लेथ आणला आणि "मामा, रोज सकाळी येऊन बसत जा," असे मला म्हटले, तेव्हा मी माझ्या पदाची चौकशी केली नाही.

पद कोणते ते पुढे फोनवरून कळले. भाचा कोणाला तरी सांगत होता, "वडीलधारं माणूस बसलेलं असलं की तंबाखूच्या पिचकाऱ्या बंद होतात." लोक जिन्याच्या कोपऱ्यात ज्या कारणासाठी देवादिकांच्या फरश्या बसवतात, त्याच कारणासाठी माझ्या भाच्याने शेडमध्ये मामा बसवला होता.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. भाच्याच्या थोरल्या भावांचे हिंगोलीजवळच्या गोरेगावात हार्डवेअरचे दुकान होते. तिथे खिळे तोलून तोलून याचे मन विटले. नांदेडला त्याने डिप्लोमा केलेला. आपल्या हातून लोखंडाचे काही घडावे, नुसते विकले जाऊ नये, अशी त्याची इच्छा. वाटणीचे सगळे घालून त्याने पुण्याकडचा जुना लेथ आणला. भावांनी आडकाठी केली नाही. ते फक्त इतकेच म्हणाले, "हौस होऊ दे. तराजू काही कुठं पळून जात न्हाई." हे वाक्य भाच्याच्या मनात कुसळासारखे रुतून बसले होते. मशीन चालले नाही तर त्याच तराजूपुढे, त्याच दोन भावांच्या मधे, पुन्हा जाऊन बसायचे होते.

लेथ म्हणजे लोखंडाचा दांडा घट्ट धरून गरगर फिरवायचा आणि बाजूने हत्यार लावून तो हवा तेवढा तासायचा. जुन्या लेथवर हत्यार पुढेमागे करणारा माणूस असतो. या लेथवर ते काम आकडे करीत. पडद्यावर आकडे लिहून दिले की यंत्र त्याप्रमाणे वागे. मला ते प्रथमदर्शनीच आवडले. आमच्या कर्मठ शास्त्रीमंडळींचा स्वभावच त्यात उतरला होता. पोथीत लिहिले असेल तेवढेच करणार, आणि लिहिणाऱ्याने चूक केली असेल तर ती चूकही तेवढ्याच श्रद्धेने करणार.

त्याला चालवणारा गृहस्थ नरसीहून रोज जीपमागे लटकत येई. तिशीतला, आयटीआय झालेला, दोन लेकरांचा बाप; घराणे बौद्ध. तो आपला नमस्कार आपल्या रीतीने करी, मी माझ्या रीतीने. मला तो गुरुजी म्हणे, भाच्याला शेठ म्हणे, आणि यंत्राला ज्या नावांनी हाक मारी ती नावे माझ्या कोणत्याही स्तोत्रात आलेली नाहीत.

सकाळी शेड उघडली की मी पडद्यावर हळदकुंकू वाहून देवाची हजार नावे म्हणत असे. याला साधारण अर्धा तास लागे. पठणाच्या तीन गती असतात, द्रुत, मध्यम आणि विलंबित. पाठशाळेत आमच्या गुरूंनी आम्हाला मध्यम गतीची सवय लावली होती, आणि घाई करणाऱ्यास गाढवाच्या जन्माची धमकी देऊन ती पक्की केली होती. मी म्हणत असताना यंत्र रिकामेच फिरत राही. दांडा नाही, काम नाही, नुसता घुमणारा आवाज. पहिल्या दिवशी पुण्याहून आलेल्या जोडणीवाल्याने ते सुरू केले होते आणि त्यातच मी पूजेला बसलो. तेव्हापासून रोजचाच पायंडा पडला. मी आसनावर बसताना दिसलो की आमचा गृहस्थ खटका दाबी. माझ्या अनुष्टुभाखाली कोणी तंबोरा धरावा तसा तो आवाज लागे. तंबोरा थोडा बेसूर होता, पण गाणाऱ्यालाही कोणी निवडून आणले नव्हते.

दिवाळीनंतर नांदेडच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याचे काम आले. पंपाचे दांडे तासून द्यायचे. दांड्याच्या टोकावर बेअरिंग बसते, आणि ते टोक नेमके हवे. किती नेमके, हे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, डोक्यावरचा एक केस घ्या. त्याचे उभे पाच चिरे करा. त्यातल्या एका चिऱ्याएवढी चूक माफ." माझ्या डोक्याकडे पाहून त्याने उदाहरण दुसऱ्याच्या डोक्याचे घ्यायला हवे होते, पण आशय समजला. थोडे दांडे आधी नमुन्याला द्यायचे, ते पसंत पडले तर दर महिन्याचे काम. तराजूतून सुटका.

भाच्याच्या अंगात वारे शिरले. तो घड्याळ धरून यंत्रासमोर उभा राही आणि एक दांडा निघायला किती वेळ लागतो ते पाही. मग म्हणे, "फीड वाढव." फीड म्हणजे हत्यार दांड्यावरून पुढे सरकण्याचा वेग.

"शेठ, फीड वाढवलं की दांड्यावर आटे उमटून राहिलेत," आमचा गृहस्थ म्हणे. "पंपाचा दांडा पायजे का बोल्ट पायजे?"

"उमटू दे. पंपात डोकावून कोण बघतंय?"

"पानी बघतं."

हा वाद चारपाच दिवस चालला. अखेर तडजोड झाली: वरवरचे लोखंड झपाट्याने काढायचे आणि शेवटचा हात सावकाश फिरवायचा. मला यात नवे काही वाटले नाही. संकल्प, देशकालाचा उच्चार, गोत्र, यजमानाच्या तीन पिढ्या हे सर्व आम्हीही धावतच उरकतो, आणि मूळ मंत्र आला की आवाज खाली घेतो. फरक एवढाच की आमच्याकडे यजमान कंटाळला की मूळ मंत्रही धावत होतो, आणि कोणी मायक्रोमीटर लावून पाहत नाही.

दांड्यांतला वेळ वाचवून झाल्यावर भाच्याची दृष्टी माझ्यावर वळली.

"मामा, एक बोलू का? राग नका मानू. देवाला हजार नावं कशाला लागतात? पहिल्या दहातच ओळख पटत असंल की."

"ओळख देवाची पटायची नसते, आपली पटायची असते."

"तुमची तर केव्हाच पटलीय. रोजचा अर्धा तास जातो हो. नांदेडचं काम हातून गेलं तर देवाला मी गोरेगावच्या दुकानातून हात जोडीन."

मी वाद घातला नाही. देव म्हातारा आहे, मीही म्हातारा आहे; आम्हा दोघांना घाई नव्हती. उरलेली नावे मी घरी म्हणू लागलो. शेडमध्ये उदबत्ती, एकदा ओवाळणे, आणि लगेच काम.

आठवड्याने नमुन्याचे दांडे नांदेडला गेले आणि त्यांतले निम्मे परत आले. तिथले तपासनीस दोन तोंडांचे पोलादी माप वापरीत. एक तोंड दांड्यावरून गेले पाहिजे, दुसरे गेले नाही पाहिजे. पहिले अडले तर दांडा जाड, दुसरे गेले तर बारीक. चित्रगुप्ताकडे एवढी सोय असती तर पापपुण्याचे खटले इतके तुंबले नसते. तपासनिसांनी फोनवर सांगितले की पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो, माझ्यासमोर दांडे काढा. बसले तर काम तुमचे, नाही तर नमस्कार.

त्या आठवड्यात शेडमध्ये जे घडले त्याला महाभारत म्हणावे, पण त्यात उपदेश करणारा कोणी नव्हता. सकाळी निघालेले दांडे जाड येत. आमचा गृहस्थ आकडा बदलून हत्यार पुढे घेई. मग नऊदहाला दांडे बसत, आणि दुपारी तेच दांडे बारीक येऊ लागत. आकडा मागे घ्यावा, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा जाड.

"तू आकड्याला हात काहून लावतो?" भाचा ओरडे.

"लावला न्हाई तर जाड, लावला तर बारीक. तुमीच सांगा कवा लावू. मुहूर्त काढून द्या गुरुजींकडून."

भाच्याने दाराला लिंबू-मिरची बांधली. आमच्या गृहस्थाने त्या लिंबाला गंभीरपणे मायक्रोमीटर लावला आणि लिंबूही मापात नसल्याचे जाहीर केले.

मग एकादशी आली. एकादशीला मात्र मी पूर्ण पठण करणार, असे मी बजावले होते. सवलतीलाही तिथी असते. मी आसन घातले, आमच्या गृहस्थाने सवयीने खटका दाबला, यंत्र रिकामे फिरू लागले. हजार नावे झाली, काम सुरू झाले. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही दांडा चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी उदबत्ती आणि ओवाळणे. दांडे जाड.

भाच्याला साक्षात्कार झाला. त्याने मला खाली वाकून नमस्कार केला, जो त्याने लग्नानंतर केला नव्हता. "मामा, माझं चुकलं. एकादशी पावली." त्याने सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरला. शेडमध्ये कांदा आणायचा नाही, असा हुकूम काढला.

"माझ्या डब्यातल्या कांद्याचं आन् दांड्याचं काय नातं हाय शेठ?" आमच्या गृहस्थाने शांतपणे विचारले. "का तो बी जाड-बारीक करून राहिला?"

मी भाच्याला बाजूला घेऊन सांगितले की देवाने जगाची मापे कांद्यावर ठेवली असती तर मराठवाड्यात एकही चाक फिरले नसते. हुकूम दुपारी मागे घेतला गेला. पण माझ्या मनाला स्वस्थता नव्हती. देवाने कृपा करावी हे मला मान्य. त्याने ती बेअरिंगच्या जागेवर, केसाच्या पाचव्या भागात, आणि फक्त एकादशीला करावी, हे मान्य करणे म्हणजे त्याला माझ्या भाच्याच्या पंक्तीला बसवणे होते.

पाठशाळेत आम्ही थोडा न्याय शिकलो होतो. अमुक एक गोष्ट दुसरीचे कारण आहे असे म्हणायचे तर ती असताना दुसरी घडली पाहिजे, आणि ती नसताना घडता कामा नये. याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. मी भाच्याला सांगितले, उद्या मी हजार नावे म्हणणार, पण यंत्र बंद ठेवायचे.

भाचा पांढरा पडला. "मामा, देवाची परीक्षा घेता?"

"देवाला परीक्षेची सवय आहे. प्रत्येक विद्यार्थी मार्चमध्ये त्याची परीक्षा घेतो."

दुसऱ्या दिवशी मी बंद यंत्रापुढे बसलो. बेसूर तंबोरा नसल्याने माझे उच्चार मलाच ऐकू आले, आणि खरे सांगायचे तर फार सुरेख होते. नंतर दांडे काढले. एकजात जाड. भाचा मटकन खाली बसला. त्याचा विश्वास माझ्या डोळ्यांदेखत गेला, आणि मी, जन्मभर लोकांत तो निर्माण करण्याचे काम केलेला माणूस, आनंदाने हात चोळीत होतो.

मी आमच्या गृहस्थाला विचारले, "एकादशीला तू यंत्र रिकामे का फिरवीत होतास?"

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"मग? पहिल्या दिवसापासून तुमी पूजेला बसले की फिरवून राहिलो. मला वाटलं तुमचा विधी हाय. देवाला मशीन फिरताना दिसलं पायजे, असं काहीतरी असंल. दुसऱ्याच्या धर्मात आपण काहून बोलावं?"

मला हसू आवरेना. "अरे, मला वाटले ते तुमचे यंत्रशास्त्र आहे! म्हणून इतके महिने त्या घरघरीत म्हणत राहिलो. म्हटले, दुसऱ्याच्या शास्त्रात आपण कशाला बोलावे?"

तो इतका हसला की शेजारच्या शेडमधला वेल्डर डोकावून गेला. हसता हसताच थांबून त्याने यंत्राच्या डोक्यावर, जिथून दांडा फिरवला जातो तिथे, हात ठेवला. थंडगार. पौषातली सकाळ होती. भाचाही उठला, त्यानेही हात ठेवला. तिघांच्याही डोक्यात एकच गोष्ट एकदम आली, आणि ती शाळेत तिघांनीही शिकलेली होती: लोखंड तापले की वाढते. रिकामे फिरून यंत्र तापत होते, वाढायचे तेवढे वाढून स्थिर होत होते, आणि मग त्याचे आकडे खरे ठरत होते. भाच्याने अर्धा तास वाचवल्यापासून तेच वाढणे दांडे तासता तासता, दुपारपर्यंत चालू राहत होते, आणि यंत्र वाढेल तसे हत्यार दांड्यात जास्त शिरून दांडा बारीक होत होता.

व्यतिरेक झाला, आता अन्वय. दुसऱ्या दिवशी यंत्र अर्धा तास रिकामे फिरले आणि मी देवाचे एकही नाव न घेता चहा प्यालो. सगळे दांडे मापात.

"मेहनत मशीनची, नमस्कार गुरुजींना," आमचा गृहस्थ म्हणाला. "कंपन्यांमधी बी असंच चालतं, फक्त नमस्कार सायबाला."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती, पण तपासनीस यायचे होते. ते दुपारी येणार होते. आले सकाळी, पहिल्याच गाडीने. त्या दिवशी पहाटेपासून वीज नव्हती आणि ती नुकतीच आली होती. यंत्र बर्फासारखे. तपासनीस सडपातळ, चष्मा लावणारे. हातात ते दोन तोंडांचे माप, पायांत चकचकीत बूट. उभ्या उभ्याच म्हणाले, "लगेच सुरू करा. मला दहाची बस धरायची आहे."

आमच्या गृहस्थाने भाच्याकडे पाहिले. यंत्र तापवायला अर्धा तास द्या, असे साहेबांना सांगा, हा त्या नजरेचा अर्थ. पण भाच्याला वाटले, तसे सांगितले की हे म्हणणार, तुमचे मशीन जुनाट, आजारी, आणि झाले. त्याच्या चेहऱ्यावर मला गोरेगावचा तराजू दिसू लागला. तो माझ्या कानाशी आला.

"मामा, बसा."

"कशाला?"

"हजारला."

देवाचे नाव शुद्ध हेतूने घ्यावे, असे शास्त्र आहे. हेतू अशुद्ध असेल तर घेऊच नये, असे मात्र माझ्या वाचनात कोठे आले नव्हते. मी आसन घातले. भाचा तपासनिसांना हात जोडून म्हणाला, "साहेब, आमच्याकडे पूजेशिवाय मशीनला दांडा लावत नाहीत. रिवाज आहे." खटका दाबला गेला. यंत्र घुमू लागले. तपासनिसांनी घड्याळ पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि निरुपायाने बूट काढून त्या गार फरशीवर मोज्यांनिशी हात जोडून उभे राहिले.

मी जन्मात प्रथमच विलंबित गतीने म्हटले. एकेक नाव असे उच्चारले की पाठशाळेतल्या गुरूंनी मला पुढच्या जन्मी निदान घोडा केले असते. दर थोड्या वेळाने तपासनिसांचा जोडलेला हात सैल होऊन मनगटाकडे वळे. मी त्यांच्याकडे दृष्टी टाकली की पुन्हा जोडला जाई. एकदा त्यांनी पाऊल बदलले. एकदा हलकेच भाच्याला विचारले, "किती झाली?" भाच्याने देवाला विचारायला सांगावे तसे वर पाहिले.

सहासातशे नावांच्या आसपास आमच्या गृहस्थाने यंत्राच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला मान हलवून खूण केली. पण पठण मधेच सोडता येत नाही. ते माझे काम, बाकीचे त्याचे. त्याने दांडा लावला. माझी नावे चालूच राहिली आणि त्यांच्या आवाजात पहिला दांडा निघाला. तपासनिसांनी तो पुसला, माप लावले. पहिले तोंड सरकन गेले. दुसरे अडले. दुसरा दांडा, तसाच. तिसऱ्याला पहिले तोंड अडकले. माझा उच्चार अडखळला, भाच्याने डोळे मिटले. तपासनिसांनी माप काढले, दांड्यावरचा लोखंडाचा बारीकसा कण नखाने उडवला, पुन्हा लावले. गेले. मग चौथा, पाचवा. असे ते घेत राहिले, आणि एकही परत टाकला नाही.

माप खिशात ठेवून ते भाच्याला म्हणाले, "दांडे चांगले आहेत. दर महिन्याचं काम देतो."  मग तपासनीस मोजे झटकत म्हणाले, "पण एक सांगू? आमच्या कारखान्यातही रोज सकाळी अर्धा तास मशीन रिकामं फिरवतात. थंडीत तर फिरवावंच लागतं. तुम्ही सरळ सांगितलं असतं तर मी बूट घालून, बाहेर टपरीवर चहा पिऊन आलो असतो."

आमच्या गृहस्थाने तोंड फिरवून यंत्राचे दार पुसायला घेतले. त्याचे खांदे हलत होते.

तपासनिसांनी बूट उचलले, घड्याळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी अजून म्हणतच होतो. "राहिली किती?" त्यांनी विचारले. मी बोटांनी दोनशे दाखवले. ते थोडा वेळ घुटमळले, आणि बूट परत खाली ठेवून भाच्याशेजारी उभे राहिले. अर्धवट सोडून जाण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. उरलेली नावे मी नेहमीच्या मध्यम गतीने म्हटली. त्यांची दहाची बस गेली. याबद्दल त्यांनी देवाला दोष दिला की मला, हे मी विचारले नाही.